उष्णतेने पाहणारा शिकारी

१९८७ साली 'प्रिडेटर' नावाचा एक अमेरिकन चित्रपट निघाला. मध्य अमेरिकेच्या अरण्यात शिरलेल्या कसलेल्या सैनिकांच्या मागे परग्रहावरील एक शिकारी लागतो व एकेकास टिपतो, असे त्याचे कथानक आहे. २०१० साली निघालेल्या 'प्रिडेटर्स' या उत्तरभागात तीच कल्पना उलटी फिरविली आहे. सैनिक, भाडोत्री लढवय्ये आणि गुन्हेगार यांना पकडून एका अनोळखी ग्रहावरील रानात सोडले जाते आणि तेथे त्यांची पारध चालते. हाणामारीचा भाग बाजूस ठेवला, तरी या कथांत एक शास्त्रीय प्रश्न उरतोच. हा शिकारी मुख्यतः उष्णतेने पाहतो. मग त्याच्यापासून लपावे कसे?

प्रत्येक पदार्थ, तो कितीही थंड असो, सतत प्रारण बाहेर टाकीत असतो. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि त्याच्या तांबड्या कडेपलीकडे, जेथे डोळ्यास काहीच दिसत नव्हते तेथे, उष्णतामापक ठेवला. पारा चढला! याच अदृश्य किरणांना आज अवरक्त किरण म्हणतात. पदार्थ जितका तप्त, तितकी त्याच्या प्रारणाची तरंगलांबी आखूड असते. झोतभट्टीतून वाहणाऱ्या, सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापलेल्या लोहरसाचे प्रारण दीड-पावणेदोन मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असते. त्याचा थोडा भाग दृश्य असल्यामुळे तो रस डोळे दिपविण्याइतका झळाळतो. माणसाच्या त्वचेच्या बाबतीत हाच आकडा साडेनऊ मायक्रॉनच्या जवळ येतो, आणि तेथे आपला डोळा अगदी आंधळा आहे.

अशी दृष्टी निसर्गात नाहीच, असे मात्र नव्हे. सह्याद्रीच्या रानात वेलीबांबूंवर आढळणारा चापडा हा हिरवा विषारी साप पाहा. त्याच्या डोळ्याच्या व नाकपुडीच्या मध्ये एक खळगी असते आणि तीत एक अत्यंत पातळ पडदा ताणलेला असतो. त्याच्याच गोत्रातील अमेरिकन खुळखुळ्या सापांवर प्रयोग करून बुलक व काउल्स यांनी १९५२ साली दाखवून दिले की, तापमानातील अंशाच्या काही सहस्रांश भागाइतका फरकही या पडद्यास कळतो. पुढे, 'प्रिडेटर्स' निघाला त्याच वर्षी, या संवेदनेच्या मुळाशी असलेला प्रथिनाचा रेणूही सापडला. गंमत अशी की, मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो, तो आपल्याला जाणवून देणारा रेणू हाच आहे.

येथे 'फरक' या शब्दाकडे नीट लक्ष दिले पाहिजे. असा डोळा उष्णता पाहतो असे म्हणणे सैल होय. तो पाहतो तो पदार्थ आणि पार्श्वभूमी यांच्या प्रारणांतील भेद. चित्रपटांतील नायक अंगास ओला चिखल फासून अदृश्य होतात. ही युक्ती फार काळ टिकणार नाही. चिखल स्वतःही उत्तम उत्सर्जक आहे. काही मिनिटांतच तो अंगाच्या उष्णतेने तापू लागेल आणि माणूस पुन्हा दिसू लागेल. उत्तरभागाचा नायक चिखलाच्या जोडीला भोवती आगी पेटवितो. हे अधिक शहाणपणाचे आहे, कारण त्यामुळे पार्श्वभूमीच बदलते.

आता तोच शिकारी मे महिन्यातील भर दुपारी भिलाईच्या हथखोज भागात, अवजड उद्योगांच्या वसाहतीत उतरला आहे अशी कल्पना करू. हवा ४४-४५ अंशांवर. उन्हात पडलेले लोखंड व पत्र्याची छपरे त्याहूनही किती तरी तापलेली. आणि घामाने निथळणाऱ्या कामगाराची त्वचा मात्र ३५-३६ अंशांवर! शिकाऱ्याला तो झळझळीत पटावरील एखाद्या काळ्या सावलीसारखा दिसेल. सूर्य कलल्यावर जमीन निवत जाईल आणि एका क्षणी तिचे तापमान माणसाच्या त्वचेइतके होईल. त्या वेळी कोणताही चिखल न लावता माणूस जवळजवळ नाहीसा होईल. उष्णतेचे छायाचित्रक यंत्र वापरणाऱ्यांना ही अडचण चांगली परिचित आहे. दिवसातून दोन वेळा ती येते.

माणूस भोवतालापेक्षा थंड राहतो, ही किमया घामाची. एक लिटर घाम अंगावर पूर्णपणे वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. हवा दमट असेल, तर घाम नुसता ओघळतो, शरीराच्या आतील तापमान चढू लागते, आणि ते ४० अंशांपलीकडे गेल्यावर उष्माघाताने प्राणावर बेतू शकते. चित्रपटातील शिकाऱ्याहून हा शत्रू पुष्कळच खरा आहे.

१९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, आणि तप्त धातूचा शेजार या गावाच्या नित्य जीवनाचा भाग झाला. अशा भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला हवेपेक्षा प्रारणाचाच मारा अधिक जाचतो. त्यासाठी ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला चकचकीत पोशाख असतो. चकचकीत धातू प्रारण फारसे शोषीत नाही व फारसे सोडीतही नाही; तो ते आरशाप्रमाणे परतवितो. असा पोशाख घालून माणूस उघड्यावर उभा राहिला, तर शिकाऱ्याला त्याच्या जागी बहुतांशी आकाशाचे व जमिनीचे प्रतिबिंबच दिसेल. चिखलाला जे साधत नाही ते येथे साधते. परंतु त्याच पोशाखाच्या आत घाम वाळत नाही. म्हणून तो घालून थोडाच वेळ काम करावयाचे, दुसऱ्यास जागा द्यावयाची, आणि सावलीत बसून पाणी पिऊन पुन्हा यावयाचे, ही पद्धत.