घरगुती कॉफीची चक्की : निवड आणि जुळवणी

लग्नमंडपाच्या कोपऱ्यात वाफेच्या फुसफुसाटासह मिळणारी, वर कोकोची भुकटी भुरभुरलेली फेसाळ व गोड कॉफी आपल्या धार-देवासकडे 'एस्प्रेसो' या नावानेच परिचित आहे. वस्तुतः ती विरघळणाऱ्या भुकटीची दुधाळ कॉफी होय. इटलीत ज्या पेयाला हे नाव मिळाले ते निराळे. तुरीनच्या आंजेलो मोरिओंदो याने १८८४ मध्ये वाफेच्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. १९०१ मध्ये लुइजी बेझेरा याने एकेक पेला काढण्याची सोय केली. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जिया याच्या तरफेच्या यंत्राने दाब वाढून दाट, सोनेरी साय असलेली आजची एस्प्रेसो जन्मास आली.

अलीकडे पुण्या-बंगळुरास नोकरीस असलेली मुले सुटीत घरी येताना असे यंत्र घेऊन येतात. आमच्याही घरी ते आले. आम्ही मोठ्या हौसेने चिकमगळूरचे बी मागविले, ते मसाल्याच्या मिक्सरमध्ये दळले आणि जो पेला निघाला तो एकाच वेळी आंबट व कडू! आम्ही दोष यंत्रास दिला. इंदूरहून आलेल्या कारागिराने ते तपासून निर्दोष ठरविले व दळलेली पूड बोटांवर घेऊन आम्हास दाखविली. तीत पिठूळ धूळ होती आणि रव्याहून जाड कणही होते. यंत्रासाठी पैसा मोजणाऱ्या आम्ही चक्कीत काटकसर केली होती. हीच चूक इतर कुटुंबांकडून होऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

एस्प्रेसोत सुमारे नऊ वातावरणांच्या दाबाने पाणी पुडीतून रेटले जाते. शेतातील पाटाचे पाणी जसे बांधाच्या फुटीकडे धावते, तसे हे पाणी जाड कणांच्या वाटेने निसटते. तेथील अर्क अपुरा राहून आंबटपणा येतो. बारीक धुळीतून अर्क अति उतरून कडवटपणा येतो. मिक्सरचे पाते बी फोडते, पण कण सारखे करीत नाही. जात्याच्या दोन तळ्यांप्रमाणे दोन दातेरी चकत्यांत बी भरडणारी चक्कीच येथे हवी.

चक्की घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, चकत्या पोलादाच्या वा चांगल्या चिनी मातीच्या, आणि हलविल्यास न डगमगणाऱ्या असाव्यात. दुसरी, जाडी-बारकी बदलण्याची कळ अत्यंत सूक्ष्म फेर करणारी असावी. फिल्टर कॉफीस पुरेशी असलेली चक्की येथे अपुरी पडते. तिसरी, ती उघडून साफ करता यावी. चौथी, सुटे भाग मिळावेत. रोज दोन-तीनच पेले लागत असतील, तर विजेच्या स्वस्त चक्कीपेक्षा तितक्याच किमतीची हातचक्की बहुधा सरस ठरते. कारण तेथे मोटारीचा खर्च वाचून पैसा चकत्यांत जातो. चिकोरी मिसळलेली तयार पूड एस्प्रेसोसाठी घेऊ नये. भाजल्याची तारीख छापलेले ताजे बीच आणावे.

आता जुळवणी. येथे आपल्या व्यापारी घराण्यांचा जुना सोबती, काटा, कामास येतो. दुहेरी पेल्यास १८ ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड तोळा, पूड घ्यावी. पेल्यात ३६ ग्रॅम कॉफी उतरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजावा. तो २५ ते ३० सेकंद भरल्यास जुळवणी योग्य समजावी. पंधरा सेकंदांतच फिकट धार वाहून गेली, तर दळण बारीक करावे. चाळीस सेकंद होऊनही थेंबथेंब पडत असेल, तर जाड करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वजनही बदलले व दळणही बदलले, तर कशाने काय झाले ते कळत नाही. विजेची चक्की बारीककडे वळविताना ती चालू ठेवावी, नाहीतर चकत्यांत दाणे अडकतात. बदलानंतरची पहिली चिमूट टाकून द्यावी, कारण तीत मागील दळण असते. अखेरचा निवाडा मात्र जिभेचा.

माळव्याची हवाही विसरून चालणार नाही. थंडीच्या कोरड्या दिवसांत पूड विजेने भारली जाऊन भांड्यास चिकटते; दळण्यापूर्वी बियांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडल्यास ती चिकटत नाही. ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रयोगांती हे दाखविले आहे. चातुर्मासाच्या दमट दिवसांत जुळवणी पुन्हा पारखावी व चक्कीत पूड साठू देऊ नये. ती ओल धरते व तिला वास लागतो. या चक्कीत मसाले कदापि दळू नयेत.

आपले कित्येक सभासद बंधू घरगुती उपकरणांचा व्यापार करतात. त्यांस आमची विनंती आहे की, यंत्र विकताना गिऱ्हाईकास चक्कीचे महत्त्व आधी सांगावे, मग त्यापायी त्याने यंत्र हलक्या किमतीचे घेतले तरी चालेल. फळीवर धूळ खात पडलेले महागडे यंत्र दुकानाची रोज बदनामी करते; सकाळी उतरलेला एक उत्तम पेला मात्र शेजाऱ्यास त्याच दुकानाची वाट दाखवितो.