उभी असलेली जुनी डिझेल गाडी धंद्याला लावायची? सेल्फ मारण्याआधी हे वाचा



नंदुरबार तालुक्यातलं कोरीट असो की दुसरं कुठलंही गाव, एखाद्या पडवीत किंवा निंबाखाली जुनी डिझेल जीप, सुमो, बोलेरो उभी दिसतेच. चार-पाच वर्षं हलली नाही. घरातला तरुण म्हणतो, "बॅटरी टाकू, धक्का मारू, नंदुरबारच्या मिरची मार्केटला जायची सोय होईल." विचार चांगला आहे, पण क्रम चुकला तर दहा हजारांचं काम लाखावर जातं. म्हणून पैसे एकदम ओतायचे नाहीत. तीन थांबे ठरवायचे आणि प्रत्येक थांब्यावर हिशोब करायचा.

पहिला थांबा : कागद

इंजिनला हात लावण्याआधी आरसी बुक काढा. चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का? बँकेचा बोजा उतरलाय का? जुने चलान बाकी आहे का? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून आणि गाडी तपासून घेऊन नूतनीकरण करावं लागतं. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट. आजचे दर आरटीओत विचारून वहीत लिहा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पांढऱ्या नंबरप्लेटवर भाड्याने प्रवासी किंवा माल नेता येत नाही. स्वतःच्या धंद्याचा माल कायम वाहायचा असेल, तरी नोंदणी कोणत्या प्रकारची लागेल हे आधी विचारा. कागद होणारच नसतील, तर इथेच थांबा. काही खर्च झालेला नाही.

दुसरा थांबा : इंजिन

आता बोनेट उघडा. उंदरांनी वायर कुरतडली आहे का, एअर फिल्टरमध्ये किंवा सायलेन्सरमध्ये घरटं आहे का, ते बघा. मग या क्रमाने चला :

१. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा. तळाशी पाणी आणि चिकट गाळ साचतो. तो पंपात आणि नोझलमध्ये गेला की सगळ्यात महागडा खर्च तोच. टाकी धुवा, डिझेल फिल्टर नवा टाका, ताजं डिझेल भरा.

२. इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर आणि कूलंट बदला. आपल्याकडच्या उन्हात रबर सुकतं, म्हणून होज पाईप दाबून बघा. इंजिनला टायमिंग बेल्ट असेल तर तो चालू करण्याआधीच बदला.

३. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. क्रँक पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. फिरलं नाही तर जोर लावू नका. हिटर प्लग किंवा नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडा, रात्रभर ठेवा. जाम इंजिनला ट्रॅक्टरने ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

४. चाचणीपुरती दुसऱ्याची चांगली बॅटरी आणा. स्टॉप केबल ओढून किंवा सोलेनॉइडची वायर काढून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, थोडा वेळ सेल्फ मारा. ऑईल सगळीकडे पोहोचतं.

५. आता फिल्टरवरच्या हातपंपाने लाईनमधली हवा काढा. बुडबुडे थांबले की स्क्रू घट्ट करा. १०-१५ सेकंद सेल्फ, मग एक मिनिट विश्रांती. हिटर प्लगच्या इंजिनात ईथर स्प्रे मारू नका, स्फोटासारखा भडका होतो.

जवळ एक जाड फळी ठेवा. पंप अडकला तर डिझेल इंजिन चावीने बंद होत नाही. अशा वेळी हवेचं तोंड फळीने झाकायचं, हाताने नाही.

चालू झालं की रेस देऊ नका. ऑईलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. सुरुवातीचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. तो थांबला नाही आणि कूलंट घटतंय, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी.

तिसरा थांबा : ब्रेक आणि टायर

चालू झाली म्हणजे रस्त्यावर न्यायची असं नाही. ब्रेक ऑईल, व्हील सिलिंडर, हँडब्रेक, क्लच तपासून घ्या. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुन्या, तडे गेलेल्या टायरवर माणसं बसवू नका.

आता हिशोब

समजा सगळं मिळून ७५,००० रुपये लागले, गाडी ५ वर्षं चालली आणि वर्षाला १५० फेऱ्या झाल्या. ७५० फेऱ्या, म्हणजे फेरीमागे १०० रुपये. त्यात ६० किलोमीटरची फेरी आणि १२ चा ॲव्हरेज धरला तर ५ लिटर डिझेल. वर विमा आणि देखभाल. आता हाच आकडा भाड्याच्या गाडीच्या फेरीशी ताडून बघा. वर्षाला ३० च फेऱ्या असतील तर दुरुस्तीचाच भार फेरीमागे ५०० रुपये होतो! मग भाड्याची गाडीच परवडेल.

आजोबांची गाडी म्हणून जीव अडकतो, ते समजू शकतो. पण धंद्याचं भांडवल तिच्यात अडकवायचं का, हे वहीतला आकडा बघून ठरवा. तुमच्या दारातली गाडी कोणत्या थांब्यावर अडली आहे, कमेंटमध्ये नक्की सांगा.