परदेशांतील योगक्षेम

कुर्ल्याच्या पश्चिमेस, मिठी नदीच्या कांठीं, वांद्रे-कुर्ला संकुल नांवाची जी टोलेजंग इमारतींची वसाहत उभी आहे, तिच्याकडे आमच्या भागांतील कित्येक आईबापांचे डोळे लागलेले असतात. अमेरिकेची वकिलात २०११ सालीं तेथें आली. आणि ज्या संस्थेनें २०१६ मध्यें यूपीआय ही देण्याघेण्याची पद्धति सुरू केली, त्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचें मुख्य कार्यालयहि तेथेंच. मुलास परदेशीं जाण्याचा परवाना आणि घरचे पैसे पोंचविण्याची युक्ति, हीं दोन्ही एकाच आवारांत मिळतात, असा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्या गोष्टीपुरता तो पुरा खरा नाहीं.

योगक्षेम हा जोडशब्द वाचकांच्या परिचयाचा आहे. न मिळालेलें मिळविणें हा योग, मिळालेलें राखणें हा क्षेम. मूल परदेशीं निघालें म्हणजे सारें घर योगाच्या मागें लागतें: कर्ज, शिष्यवृत्ति, भविष्यनिर्वाहाची शिल्लक, प्रसंगीं दागिने. क्षेमाचा विचार करण्यास कोणासच सवड नसते.

याचा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासांतच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं अमेरिकेस गेले ते बडोद्याच्या, दरमहा साडेअकरा पौंडांच्या, शिष्यवृत्तीवर. राहिलेलें शिक्षण पुरें करण्यास १९२० सालीं ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हां त्यांच्यापाशीं होती ती सिडनहॅम कॉलेजांतील पगारांतून टाकलेली शिल्लक, शाहू छत्रपतींचें साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलें ५,००० रुपयांचें कर्ज. त्याच वर्षीं सरकारनें रुपयाचा भाव सोन्याच्या हिशेबानें दोन शिलिंग ठरविला. परंतु १९२१ मध्यें बाजारांत तो एक शिलिंग चार पेन्सांच्याहि खालीं उतरला. म्हणजे दोन शिलिंगांच्या भरंवशावर राहिलेल्याचे रुपये तितकेच, आणि हातीं येणारे पौंड एकतृतीयांशाहून अधिक कमी! बाबासाहेबांचा १९२३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालेला लंडनचा प्रबंध रुपयाच्याच प्रश्नावर होता, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुढें ६ जून १९६६ रोजीं डॉलर एका दिवसांत ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला.

म्हणून पहिला नियम असा, कीं संबंध अभ्यासक्रमाच्या खर्चाचा अंदाज आजच्या भावानें करूं नये; रुपया आणखी एकदशांश उतरेल असें धरून करावा. दुसरा नियम जर्मनीकडून शिकावा. तेथें जाणाऱ्या विद्यार्थ्यास २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाचे ११,९०४ युरो आधीं एका बंदिस्त खात्यांत ठेवावे लागूं लागले, आणि त्यांतून महिन्यास ९९२ युरोच हातीं मिळावयाचे. जेथें असें बंधन नाहीं, तेथें तें आईबापांनीं आपण होऊन घालावें. वर्षाची रक्कम एकदम मुलाच्या हवालीं करूं नये.

तिसरी गोष्ट हातांतील दूरध्वनीची. यूपीआय सिंगापूर, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, संयुक्त अरब अमिराती येथें ठिकठिकाणीं चालतें. पॅरिसच्या आयफेल टॉवरवर तें २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झालें. पण बोस्टनच्या वाण्याकडे किंवा म्युनिकच्या खानावळींत त्याच्या भरंवशावर जाऊन चालणार नाहीं. बँकेचें कार्ड परदेशीं आपोआप चालेल असेंहि समजूं नये. निघण्यापूर्वीं तें खुलें करून घ्यावें. बँकेचा गुप्तांक येथल्या क्रमांकावर येतो, तेव्हां तें सिमकार्ड तेथेंहि चालू ठेवावें. दुकानांतील यंत्र ‘रुपयांत देतां कीं येथल्या चलनांत?’ असें विचारील, त्या वेळीं तेथलेंच चलन निवडावें. रुपये म्हटल्यास लागणारा भाव बहुधा महाग पडतो. येथील बचतखातें अनिवासी खात्यांत बदलून घेण्यासहि विसरूं नये. कायद्यानें तें आवश्यक आहे.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. आम्हीं जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या. खोटी बेरीज मांडणारा मुलगा बहुधा लुच्चा नसतो, भ्यालेला असतो. बापानें घर गहाण टाकून धाडलेले पैसे संपले, हें लिहिण्यास मुलगा धजत नाहीं. मग तो भारी व्याजाच्या कार्डावर कर्ज काढतो, नाहीं तर नियमाबाहेर नोकरी धरतो. अमेरिकेंत सत्र चालू असतां विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या आवारांत आठवड्यास वीस तासांहून अधिक काम करतां येत नाहीं. मर्यादा ओलांडली तर परवानाच धोक्यांत येतो. मग ज्या शिक्षणासाठीं घर गहाण पडलें, तेंच हातचें जातें.

यास उपाय एकच. दर महिन्यास मुलानें तिकडचा जमाखर्च घरीं कळवावा, आणि आईबापांनींहि इकडचें कर्ज व शिल्लक मुलास मोकळेपणानें सांगावी. हिशेब विचारणें हा अविश्वास नव्हे. तूट दिसली तर प्रथम रागावूं नये; ती कशी भरून काढावयाची तें दोघांनीं मिळून ठरवावें. ज्या घरीं मुलगा निःशंकपणें ‘पैसे संपले’ असें लिहूं शकतो, त्या घरचा पैसा सहसा बुडत नाहीं.