टाका टिकला, कापड गेलं

दिवाळी अंकासाठी जीन्सवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं आणि मी उल्हासनगर गाठलं. इथे कुणी नुसतं कटिंग करतं, कुणी काज-बटण, कुणी फक्त खिसे. मी रेंगाळले ती बारटॅकच्या मशीनपाशी. कारागीर खिशाचा कोपरा दाबपट्टीखाली सरकवतो आणि पायडल दाबतो. सुई आधी लांब टाके घालते, मग त्यांच्यावरून नागमोडी फिरते. साधारण ४२ टाके, सेकंदभराचं काम, आणि कोपऱ्यावर नखाएवढी घट्ट पट्टी उमटते.

या कोपऱ्याचा इतिहास जुना आहे. अमेरिकेत रीनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याने कामगारांच्या पँटींचे खिसे फाटू नयेत म्हणून तिथे तांब्याचे रिव्हेट ठोकले. कापड पुरवणारे लेव्ही स्ट्रॉस त्याचे भागीदार झाले आणि २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं. मागच्या खिशांचे रिव्हेट खुर्च्यांना आणि खोगिरांना ओरखडे पाडत, म्हणून १९३७ मध्ये ते कापडाआड गेले. १९६६ मध्ये त्यांची जागा बारटॅकने घेतली.

पण ती पँट ढगळ होती आणि कापड जाड, निव्वळ सुती. आजच्या स्लिम जीन्समध्ये आडव्या धाग्यात इलॅस्टेन असतं, बहुधा शेकडा दोनच्या आसपास. माणूस खाली बसला की मांडीवरचं कापड आडवं ताणतं, खिशात मोबाइल असेल तर आणखीच. बारटॅक मात्र जराही ताणत नाही. मग सगळा ताण टाक्याच्या कडेला, घट्ट आणि सैल जिथे भेटतात तिथे साचतो. कारागिराने परत आलेली एक पँट उलटी करून दाखवली. टाका शाबूत, त्याला लागून निळे उभे धागे तुटलेले आणि आतले पांढरे धागे पिंजारलेले.

‘ताई, टाका जागचा हलला नाही बघा. कापडानंच मान टाकली.’

मला हे फार लागलं. कोपरा मजबूत करण्यात शतक गेलं आणि फाटण्याची जागा फक्त अर्धा इंच सरकली.

उपाय त्याला ठाऊक आहेत. कोपऱ्यामागे कापडाचा तुकडा ठेवून मग टाका घालायचा. टाके विरळ घ्यायचे, कारण दाट टाक्यांच्या भोकांनीच कापड चिरत जातं. इलॅस्टेनचा धागा तुटू नये म्हणून गोल टोकाची सुई लावायची. मांडीच्या आतल्या शिवणीला साखळी टाका घ्यायचा. तो ताणाला थोडा सैल पडतो, पण एकदा तुटला की एका बाजूने भराभर उसवत जातो. आसनाशी चार शिवणी एकत्र येतात, तिथे इतके थर जमतात की सुई मोडते. खिशाची आतली पिशवी स्वस्त कापडाची असेल, तर किल्ल्यांनी ती डेनिमच्या आधीच झिजते.

यातल्या प्रत्येक उपायाला काही सेकंद लागतात, आणि इथली मजुरी नगावर मिळते. मागे तुकडा लावायचा, तर दिवसाचे नग कमी होतात आणि त्या तुकड्याचे पैसे कुणी वाढवून देत नाही. पुढे धुलाईत दगड आणि एन्झाइम कापडाबरोबर शिवणीचा दोराही झिजवतात, क्लोरीनच्या ब्लीचने इलॅस्टेनचा जीव जातो. अशी पँट दुरुस्तीला आली की तो खिसा उसवून मागे तुकडा लावतो आणि तिरप्या विणीला धरून रफू करतो. कोपरा सावरतो. पण सैल पडलेलं इलॅस्टेन पुन्हा आखडत नाही, आणि काही महिन्यांनी तीच पँट तुकड्याच्या कडेला फाटून परत येते.