टोक आणि खाच

रिमोटवर चालणारी गाडी हौसेनं घेणारा माणूस पहिल्या महिन्यात कशावर पैसे घालतो, हे पाहिलं तर मोटार, बॅटरी, टायर अशी यादी निघते. हत्यारं त्या यादीत शेवटी येतात आणि बहुधा एकाच खरेदीत उरकली जातात: प्लास्टिकच्या पेटीतला तीस-चाळीस टोकांचा संच, एका मुठीसकट. हा क्रम उलटा आहे, असं मला ठामपणे वाटतं. पहिला खर्च हत्यारांवर व्हावा, तोही चार-पाच हत्यारांवरच, आणि ती निवडताना दुकानातली पेटी बाजूला ठेवून आपल्या गाडीतले स्क्रू आधी पाहावेत. ही गाडी चालवण्याइतकीच उघडण्या-जोडण्याची वस्तू आहे. धूळ गेली की बेअरिंग काढायचं, आदळली की सस्पेन्शनचा हात बदलायचा, रस्ता बदलला की गिअर बदलायचा. एकच स्क्रू वर्षभरात कितीतरी वेळा निघतो आणि बसतो. तो पुढच्या वेळी निघेल की नाही, हे ठरतं हत्याराच्या टोकावर, आणि त्या टोकाचा हिशोब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात होतो.

मूळ गाडीच्या एक दशांश आकाराच्या गाड्या या छंदात सर्वांत जास्त चालतात. त्यांतले बहुतेक स्क्रू ३ मिलिमीटर जाडीचे, म्हणजे एम-३. आटे तेच असले तरी डोकी वेगवेगळी असतात आणि डोक्यागणिक खाच बदलते. उभ्या, दंडगोल डोक्याच्या एम-३ ला २.५ मिमीची ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाची की, लागते. घुमटासारख्या गोल डोक्याच्या किंवा पृष्ठभागात बुडणाऱ्या चपट्या डोक्याच्या एम-३ ला २ मिमीची. आणि डोकंच नसलेल्या ग्रब स्क्रूला १.५ मिमीची. एम-३ च्या नटला ५.५ मिमीचा आणि चाकाच्या एम-४ नटला ७ मिमीचा नट ड्रायव्हर लागतो. तीन हेक्स आणि दोन नट ड्रायव्हर, एवढ्यात मेट्रिक मापाच्या गाडीचं जवळजवळ सगळं काम होतं. चाळीस टोकांच्या पेटीतली पस्तीस टोकं आयुष्यभर कोरी राहतात, आणि जी पाच रोज लागतात ती त्या किमतीत चांगल्या पोलादाची असणं कठीण असतं.

टोक इतकं महत्त्वाचं का, हे षटकोनाच्या भूमितीवरून कळतं. समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर १ धरलं, तर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर १.१५५ भरतं. म्हणजे खाच कीपेक्षा साडेपंधरा टक्के रुंद झाली की की तिच्यात मोकळी फिरायला लागते. सायकलच्या ५ मिमीच्या ॲलन बोल्टमध्ये हे साडेपंधरा टक्के म्हणजे पाऊण मिलिमीटरहून थोडं जास्त. तिथे की आणि खाच दोन्ही बऱ्यापैकी झिजल्या तरी काम निभतं. १.५ मिमीच्या ग्रब स्क्रूत तेच अंतर अवघं ०.२३ मिमी असतं. त्यातही मानकाप्रमाणे बनवलेली १.५ ची खाच मुळातच १.५२ ते १.५८ मिमी असते, म्हणजे त्या तुटपुंज्या जागेतला काही वाटा कारखान्यातच खर्च झालेला असतो. वर आणखी एक अडचण. भरीव दांडा किती पीळ सोसेल हे त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतं, त्यामुळे एकाच पोलादाची २ मिमीची की १.५ मिमीच्या कीपेक्षा सुमारे २.४ पट पीळ सोसते. सर्वांत बारीक की सर्वांत दुबळी, आणि चुकीला जागाही तिच्याच खाचेत सर्वांत कमी. हातात एकच चांगला ड्रायव्हर घेण्याइतके पैसे असतील तर तो १.५ मिमीचा घ्यावा, असं मी म्हणतो ते याचसाठी. बाजारात लोक नेमकं उलटं करतात, मोठ्या मापाचं हत्यार दणकट दिसतं म्हणून तेच पारखून घेतात.

तो ग्रब स्क्रू कुठे असतो, हे जवळून पाहण्यासारखं आहे. मोटारीच्या ३.१७ मिमी जाडीच्या दांड्यावर पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, बसवलेलं असतं. दांड्याची एक बाजू घासून सपाट केलेली असते आणि पिनियनच्या अंगातून जाणारा ग्रब स्क्रू त्या सपाटीवर टेकतो. मोटारीचा सगळा जोर त्या एका टेकूवरून चाकांकडे जातो. धातूत धातू असल्यामुळे कंपनानं तो सैल होऊ नये म्हणून निळं थ्रेडलॉक लावतात, त्यामुळे काढताना तो आणखी चिवट होतो. खाचेत माती आणि वंगणाचा लगदा भरलेला असला तर की अर्धीच आत जाते आणि वरच्या अर्ध्या मिलिमीटरवर सगळा भार येतो. म्हणून आधी टाचणीनं खाच कोरून साफ करायची, की तळाला टेकेपर्यंत आत दाबायची, दाब अक्षाच्या सरळ रेषेत ठेवायचा आणि मगच वळवायचं. तरीही हलला नाही, तर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक काही क्षण स्क्रूवर टेकवलं की थ्रेडलॉक मऊ पडतं. खाच एकदा गोल झाली की पिनियन निघत नाही आणि गिअर बदलता येत नाही. मग उरतं ते ड्रिल, किंवा चांगली मोटार टाकून देणं.

इथे पहिला आक्षेप येतो: किटबरोबर कंपनी ॲलन की देतेच, मग वेगळा ड्रायव्हर कशाला? ती की गाडी एकदा जोडण्यापुरती दिलेली असते. तिचं पोलाद मऊ निघालं नाही असं धरलं, तरी आकाराचा प्रश्न उरतोच. एल आकाराच्या कीची भुजा ५० मिमीच्या आसपास, तर ड्रायव्हरच्या मुठीची त्रिज्या साधारण १० मिमी. बोटांचा तोच जोर एल-कीतून पाचपट पीळ बनतो, आणि तोही एका बाजूनं, कलता. प्लास्टिकमध्ये घट्ट होणाऱ्या स्क्रूला एवढा पीळ नको असतो. सरळ दांड्याच्या ड्रायव्हरनं पीळ बोटांना जाणवतो, स्क्रू टेकल्याचं कळतं आणि थांबता येतं. अडकलेला स्क्रू सोडवायला मात्र एल-कीची ती भुजा कामाची, त्यामुळे किटमधली की फेकू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्क्रू दोन-चार रुपयांचा, चांगला ड्रायव्हर त्याच्या शेकडो पट, मग स्क्रूच बदलत राहावा. खराब झालेला स्क्रू बाहेर हातात असता तर हे म्हणणं बिनतोड होतं. पण तो खराब होतो तेव्हा आतच असतो, चासीत, गिअरबॉक्समध्ये, सस्पेन्शनच्या हातात. तो काढताना प्लास्टिकचा भाग चिरतो, ॲल्युमिनियमचे आटे जातात. हिशोब त्या भागाच्या किमतीशी आणि तो परदेशातून यायला लागणाऱ्या आठवड्यांशी मांडायला हवा. भारतात बहुतेक गाड्यांचे सुटे भाग आयात होतात, त्यामुळे इथे हा हिशोब अधिकच ड्रायव्हरच्या बाजूनं झुकतो.

फुलीच्या स्क्रूंची कथा वेगळी, आणि तिथे चांगलं हत्यार असूनही नुकसान होतं. जपानमधल्या शिझुओका इथल्या तामियानं १९७६ मध्ये पोर्शे ९३४ च्या एक बारांश प्रतिकृतीपासून रिमोटच्या गाड्या सुरू केल्या. १९८४ च्या ग्रासहॉपरनं आणि हॉर्नेटनं हा छंद घरोघरी नेला, आणि त्या गाड्यांच्या नव्या आवृत्त्या आजही विकत मिळतात. त्यांत फुलीच्या खाचेचे स्क्रू असतात, पण ती फुली जपानी मानकाची, जेआयएसची. आपल्याकडे दुकानात मागितला की मिळतो तो फिलिप्स ड्रायव्हर, पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सनं १९३० च्या दशकात पेटंट घेऊन अमेरिकी मोटारउद्योगात रुजवलेल्या फुलीचा. दोन्ही फुल्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. फरक पात्यांमधल्या आतल्या कोपऱ्यात आहे. फिलिप्सच्या टोकाचा तो कोपरा जास्त गोलसर असतो आणि जपानी खाचेत पूर्ण उतरण्याआधीच अडतो. जोर दिला की टोक वर उचललं जातं आणि खाचेच्या कडा ओरबाडत बाहेर येतं. उलट जेआयएस टोक फिलिप्स स्क्रूत बरं बसतं, म्हणून दोन्हींतला एकच घ्यायचा तर जेआयएस घ्यावा. ३ मिमीच्या स्क्रूंना २ नंबरचं टोक आणि त्याहून बारीक स्क्रूंना १ नंबरचं, या दोन ड्रायव्हरांत तामियाच्या गाडीतले फुलीचे स्क्रू निघतात. जपानी स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक छोटा ठिपका असतो. तो दिसला तर ओळख पक्की, पण नसला म्हणून फुली फिलिप्सचीच असेल असं नाही.

हे स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात, त्यामुळे हत्यारासोबत हाताचीही एक रीत शिकावी लागते. स्क्रू पुन्हा बसवताना आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यांची सुरुवात आली की तो किंचित खाली पडल्यासारखा जाणवतो, आणि तिथून सुलटा घ्यायचा. असं केलं नाही तर दर वेळी नवे आटे कापले जातात आणि काही खेपांनंतर भोक गुळगुळीत होतं. बॅटरीवर चालणारा पॉवर ड्रायव्हर नवख्याच्या हाती देऊ नये, तो याचसाठी. वेगानं फिरणाऱ्या स्क्रूच्या घर्षणानं प्लास्टिक मऊ पडतं आणि स्क्रू जुन्या आट्यांत पडल्याची जाणीव हाताला होतच नाही. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकही लावू नये, त्यानं काही प्लास्टिकांना तडे जातात.

इंच आणि मिलिमीटरचा गोंधळ जुन्या अमेरिकी गाड्यांमुळे आहे. टीम असोसिएटेडची आरसी-१० ही १९८४ ची सोनेरी ॲल्युमिनियम चासीची गाडी इंचाच्या मापांवर बांधलेली होती. अलीकडच्या गाड्या मेट्रिक आहेत, पण जुनी गाडी हाती आली की मोह होतो, आहे त्याच कीनं भागवण्याचा. ५/६४ इंच म्हणजे १.९८ मिमी, त्यामुळे ती की २ मिमीच्या खाचेत बऱ्यापैकी चालून जाते आणि माणसाला वाटतं की सगळीच मापं अशी जुळतात. १/१६ इंच म्हणजे १.५९ मिमी. तिच्या खाचेत १.५ ची की अलगद जाते, पण कोपरे टेकण्याआधी सात-आठ अंश नुसतीच फिरते. ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिमी, तिथे २ मिमीची की नुसतीच गरगर फिरते आणि २.५ ची आत शिरतच नाही. अशा गाडीसाठी इंची संच वेगळा घ्यावा आणि त्याच्या मुठींना वेगळा रंग लावून ठेवावा.

राहता राहिला ब्रँडचा प्रश्न. या छंदातली मंडळी स्लोव्हाकियाची हुडी, कॅलिफोर्नियाची एमआयपी अशी नावं आदरानं घेतात, आणि त्यावर आक्षेप असतो की हा निव्वळ मिरवण्याचा खर्च आहे. मुठीच्या रंगासाठी आणि कोरलेल्या नावासाठी पैसे मोजत असाल, तर आक्षेप खरा. पण या हत्यारांचं टोक कडक पोलादाचं असतं आणि झिजलं की तेवढंच बदलता येतं, मूठ तीच राहते. रोज गाडी उघडणाऱ्याला हे परवडतं. महिन्यातून एकदा उघडणाऱ्याला जर्मनीच्या विहाचा किंवा अमेरिकेच्या बॉन्डसचा साधा ड्रायव्हर पुरे. आणि मोठ्या मापांसाठी, म्हणजे ३ मिमीच्या पुढच्या कीसाठी आणि पकडीसाठी, आपल्या नाशिकच्या टपारियाची हत्यारं सोडून बाहेर पाहण्याचं मला कारण दिसत नाही. ती मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटपासून तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळतात. पैसे जिथे खाच बारीक तिथे घालावेत, हाच न्याय इथेही. गोळीसारख्या टोकाची की मात्र जपून घ्यावी. तिरक्या कोनातून स्क्रू फिरवता येतो, पण ती खाचेला अगदी थोड्या जागी टेकते, त्यामुळे शेवटी स्क्रू सपाट टोकानंच आवळायचा.

स्क्रूंच्या पलीकडचं एकच हत्यार मी याच रांगेत बसवीन: सोल्डरिंग आयर्न. सर्रास मिळणारी २५ वॅटची आयर्न रेडिओच्या बारीक तारांसाठी ठीक, पण बॅटरीची जाड तांब्याची तार तिची उष्णता शोषून घेते आणि झाळ वरवर बसते. जोडाला ५ मिलिओहम जास्तीचा रोध राहिला आणि ४० अँपिअर वाहिले, तर तिथे ८ वॅट उष्णता निघते, म्हणजे तो जोड स्वतःच एक छोटी आयर्न बनतो. ६० वॅटची किंवा त्याहून मोठी आयर्न आणि रुंद छिनीसारखं टोक घेतलं की तार क्षणात तापते, काम लवकर उरकतं आणि आवरणही वितळत नाही. लिथियम पॉलिमर बॅटरीच्या दोन तारा कधीही एकदम कापू नयेत. कात्रीची दोन पाती त्यांना जोडून शॉर्ट करतात.

पॉलिकार्बोनेटची बॉडी कापायला वळणदार कात्री आणि भोकं पाडायला निमुळता रीमर लागतो. ही दोन्ही स्वस्तातली चालतात, कारण बॉडी एकदाच कापायची असते.

झिजलेली साधी सपाट टोकाची ॲलन की मात्र वाया जात नाही. झीज पहिल्या एक-दोन मिलिमीटरांतच असते. तेवढा भाग ग्राइंडरच्या पातळ चकतीनं आडवा कापून टोक कानशीनं काटकोनात आणायचं, कडेची बारीक कूस काढायची, की पुन्हा कोरे कोपरे मिळतात. कापताना की दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवत राहायचं. टोक निळसर पडलं तर पोलादाचं पाणी उतरलं असं समजून तेवढा भाग पुन्हा कापायचा.