चार दिवसांची भेट : गावाकडचे वृद्ध वडील आणि आपण

इंदूरच्या मराठी घरांचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतील. काही घरे होळकरांच्या काळात माळव्यात आली आणि इथलीच झाली. त्यांना 'गाव' विचारले तर ती राजवाड्याकडे बोट दाखवतात. दुसरी घरे नंतर आली. गिरण्या, रेल्वे, वीज मंडळ, बँका, महाविद्यालये यांतल्या नोकऱ्यांच्या निमित्ताने. त्यांची मुले इथे शिकली, घरे इथे झाली, पण आईवडील गावाकडेच राहिले. माझा दवाखाना पोलोग्राउंड भागात आहे. एकीकडे कारखाने, दुसरीकडे वीज कंपनीची कचेरी. साठीला टेकलेली मंडळी स्वतःचे गुडघे दाखवायला येतात आणि उठता उठता विचारतात, "डॉक्टर, गावाला वडील आहेत, बरे नसतात. चार दिवस जाऊन येतो. काय बघू?" आजचे विवेचन या प्रश्नाचे उत्तर आहे. उदाहरण म्हणून कोकणातले समुद्रकाठचे गाव घेतो, कारण हा प्रश्न तिथे फार उघडपणे दिसतो.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावते हात मुंबईला आणि त्याही पलीकडे गेले, हेच हे आकडे सांगतात. १८८० साली सुरू झालेली टपाल खात्याची जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. तोवर कोकणातल्या कित्येक चुली तिच्यावर पेटल्या. आता पैसे क्षणात पोचतात. माणूस पोचायला मात्र अजून वेळ लागतो: अवंतिकेने रात्रभर मुंबई, तिथे स्थानक बदलून कोकण रेल्वेने चिपळूण, रत्नागिरी किंवा कणकवली, आणि पुढे एसटी किंवा रिक्षा.

हे दुःख एकट्या कोकणाचे नाही. ग्रीसच्या बेटांवरची मुले अथेन्सला, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेली. तिथेही १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला गावे भरतात आणि सण सरला की ओस पडतात. आपल्याकडे गणपती आणि शिमगा हेच काम करतात.

सणाच्या भेटीत वडिलांची खरी प्रकृती कळत नाही. गणपतीत घर भरलेले असते. नातवंडे, आरत्या, पंगती यांच्या उत्साहात म्हातारा माणूस असेल नसेल ते बळ एकवटतो. पाच दिवस ताठ बसतो आणि मंडळी गेल्यावर आठवडाभर अंथरुणाला खिळतो. म्हणून सणाखेरीज वर्षातून एकदा तरी साध्या दिवसांत जावे. मार्गशीर्षातला एखादा कामाचा आठवडा चालेल. घरात रोज जितकी माणसे असतात तितकीच असताना दिवस कसा जातो, ते तेव्हाच दिसते.

फोनचेही तसेच. फोनवर वडील "मी बरा आहे" म्हणतात. लेकाने एवढ्या लांबून काळजी करू नये, रजा वाया घालवू नये, असा त्यांचा हिशेब असतो. व्हिडिओवर त्यांचा चेहरा दिसतो, पाय दिसत नाहीत. वार्धक्याच्या बऱ्याच तक्रारी पायांत, पाण्याच्या तांब्यात आणि औषधांच्या डब्यात असतात. त्या प्रत्यक्षच पाहाव्या लागतात.

पहिल्या दिवशी काहीही बदलू नये. फक्त पाहावे. ओटीवर त्यांच्याजवळ बसावे आणि पुढच्या गोष्टींची मनात नोंद करावी.

पहिली गोष्ट चालणे. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजतात. परीक्षा घेतल्यासारखे करू नये. "अण्णा, जरा तो पंचा आणता का?" म्हटले की काम झाले. मग ते रात्री ज्या वाटेने जातात ती वाट स्वतः रात्रीच चालून पाहावी. जुन्या कोकणी घरात संडास मागील दारी, थोडा दूर असतो. मध्ये उंबरठा, दोन चिऱ्याच्या पायऱ्या, पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ, आणि दिवा असलाच तर बटण भलतीकडे. खुब्याचे हाड मोडण्याची तयारी त्या वाटेवर वर्षानुवर्षे झालेली असते. एक कठडा, एक दिवा आणि रात्रीपुरती खाटेजवळ कमोडची खुर्ची, एवढ्याने बहुतेक काम होते. चार दिवसांच्या भेटीत हे सहज करून निघता येते.

दुसरी गोष्ट वजन. नेहमीचा सदरा खांद्यावरून ओघळतो का, पट्ट्याला नवे भोक पाडले आहे का, कवळी सैल झाली आहे का, ते पाहावे. साठ किलोच्या माणसाचे सहा महिने ते वर्षात तीन किलो वजन आपोआप उतरले, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नये. कारण क्षय किंवा कर्करोग असू शकते, आणि नुसता दुखरा दातही असू शकतो. एकट्याने जेवायचा कंटाळा हेही कारण मोठे आहे. सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री उरलेली पेज असा आहार चालू असेल तर पोट भरते, पण स्नायूंना काही मिळत नाही. कुळथाचे पिठले, मुगाची आमटी, दूध, ताक यांतले काही रोज ठरवून पोटात जायला हवे.

तिसरी गोष्ट पाणी. उतारवयात तहान मंदावते. त्यात रात्री उठावे लागू नये म्हणून म्हातारी माणसे संध्याकाळनंतर पाणीच टाळतात. कोकणातल्या दमट उकाड्यात घाम भरपूर जातो. मग चक्कर, बद्धकोष्ठ आणि लघवीची जळजळ हे चक्र सुरू होते. दिवसाचे पाणी संध्याकाळच्या आत पुरे करावे. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

चौथी गोष्ट औषधे. सगळ्या पुड्या, पट्ट्या, बाटल्या एका पंच्यावर मांडाव्यात. एकच गोळी दोन नावांनी दोन डॉक्टरांनी दिलेली आढळते. तीन वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी दिलेली झोपेची गोळी अजून चालू असते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या वडिलांचा दाब बसून मोजावा, आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर पहाटे उठताना तोल जाण्याचे कारण सापडले. ही यादी घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जावे. स्वतः काटछाट करू नये. मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे आणि माझ्या गोळ्यांवर लोकांचा लोभ आहे. म्हणून हे मीच स्पष्ट सांगितले पाहिजे: साखरेची, दाबाची, हृदयाची चालू औषधे आमच्या गोळ्यांच्या भरवशावर कधीही बंद करू नयेत. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर कोणत्याही पुडीची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि कोकणातल्या आडगावाहून मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

पाचवी गोष्ट बुद्धीची. दोन अवस्थांत इथे नेहमी गल्लत होते. विसरणे महिनोनमहिने हळूहळू वाढत असेल, तर तो स्मृतिभ्रंश असू शकतो. कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागला, दुपारी शुद्धीत आणि रात्री भ्रमात असा खेळ चालला, तर ती तातडीची बाब आहे. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, रक्तातले मीठ उतरणे, औषधाचा परिणाम, यांपैकी काहीतरी मागे असते. वृद्धांत ताप न येताही असे होते. वेळेवर उपचार मिळाले तर पुष्कळ जण पूर्ववत होतात. "आता अण्णांचे डोके गेले" म्हणून दार लोटून घेतले, तर बरे होणारे माणूस हातचे जाते.

आता वडिलांजवळ रोज असणाऱ्या माणसाविषयी. भावजय असेल, विधवा आत्या असेल, शेजारी असेल किंवा जुना गडी असेल. पाहुण्याची नजर ताजी असते, म्हणून रोजच्या माणसाच्या सवयीचे झालेले त्याला दिसते. पण ३६५ दिवसांचे ज्ञान पाहुण्याजवळ नसते. शहरातून आलेला मुलगा पहिल्याच संध्याकाळी "हे असे का, ते तसे का" सुरू करतो, आणि तो गेल्यावर त्याचा कडवटपणा वडिलांच्या ताटात वाढला जातो. आमच्या जैन परंपरेत अंतरंग तपांत रुग्णसेवा मोजली आहे. तिला वैयावृत्त्य म्हणतात. त्या क्रमात विनय तिच्या आधी येतो. आधी नम्रता, मग सेवा, हा क्रम मला वैद्यक म्हणूनही पटतो. पहिला प्रश्न "वहिनी, तुम्हाला रात्री झोप मिळते का?" हा असावा. चार रात्री वडिलांजवळ आपण झोपावे आणि तिला माहेरी किंवा नुसते स्वस्थ झोपायला मोकळे करावे. पुढे दर महिन्याला पगारी मदतनीस ठेवता येईल का, ते तिच्याशी बोलून ठरवावे.

सगळ्यांत अवघड प्रश्न: वडिलांना इंदूरला आणावे का? मुलाच्या मनाची ओढ इकडेच असते, कारण आणले की त्याची काळजी मिटते. वडिलांची मिटतेच असे नाही. गावाच्या घरात ते अंधारातही हाताने भिंत ओळखतात. विहीर, माड, समोरून जाणारी माणसे यांवर त्यांचा दिवस टांगलेला असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत रात्री जाग आली की दार कुठे, हेच कळत नाही. स्मृती अंधूक झालेल्या माणसाचा भ्रम अशा बदलाने वाढतो. त्यात माळव्याची डिसेंबर-जानेवारीतली थंडी समुद्रकाठच्या माणसाला झेपत नाही. उलट गावी खरोखर कोणीच नसेल, पडणे वारंवार होत असेल, डायलिसिससारखा नेमाचा उपचार लागणार असेल, तर आणणेच योग्य. आणायचेच तर थंडी सरल्यावर, आधी महिनाभरासाठी, आणि गावचे घर बंद न करता आणावे. त्यांची खाट, तांब्या, देव बरोबर असू द्यावेत. निर्णय आपापसांत ठरवून त्यांना कळवू नये. शुद्धीत असलेल्या माणसाला त्याच्या मुक्कामाविषयी विचारणे हे त्याचे देणे आहे.

गावी ठेवायचे ठरले तर तिथली व्यवस्था नीट लावून निघावे. आशा कार्यकर्तीची आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची ओळख करून घ्यावी, त्यांचे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. ज्येष्ठांसाठी देशभर १४५६७ ही मदतवाहिनी आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार घेता येतात. त्याचे कार्ड काढून द्यावे.

कागदांचे एक काम नाजूक आहे. कृत्रिम श्वास, अतिदक्षता विभाग यांविषयी आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्य केला, आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. वडिलांनी स्वतः विषय काढला तर तो टाळू नये. पुष्कळ वृद्धांना याविषयी बोलायचे असते आणि मुलेच "काहीतरी अभद्र बोलू नका" म्हणून गप्प बसवतात. सातबारा मात्र या भेटीत काढू नये. आजारी माणसाच्या खाटेशी जमिनीची वाटणी सुरू झाली की तुमची बाकीची सगळी सेवा त्याला संशयास्पद वाटते.

उरलेला वेळ ऐकण्यासाठी ठेवावा. कोणता माड कोणी लावला, कोणाचे देणे राहिले, कुलदैवताला काय बोलले होते, हे त्यांच्या तोंडून वहीत उतरवून घ्यावे. ऐकू कमी येत असेल तर समोर बसून, सावकाश, खालच्या पट्टीत बोलावे. ओरडल्याने शब्द अधिकच फाटतात. आणि निघताना "येईन पुन्हा" एवढ्यावर भागवू नये. भिंतीवरच्या कालनिर्णयात पुढच्या भेटीची तारीख त्यांच्यासमोर गोल करावी, आणि त्या तारखेला जावे. जाणे जमणारच नसेल तर आदल्या दिवशी नव्हे, आठ दिवस आधी कळवावे, आणि लगेच दुसऱ्या तारखेला गोल करायला वहिनींना सांगावे.