समतेचे संगोपन आणि मुलग्यांचा प्रश्न

अपत्यांवर स्त्री-पुरुष समतेचे संस्कार कसे करावेत, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा मुलींच्या संदर्भातच मांडला जातो. यास ऐतिहासिक कारण आहे. १८४८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम स्थापिला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभारले. या प्रयत्नांत शिक्षणाचा विषय मुलगी हीच होती. तिने शिकावे, स्वावलंबी व्हावे, हे हळूहळू मान्य झाले; तिच्या भावाने घरात काय शिकावे, हे मात्र क्वचितच कोणी विचारले. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषाच्या वर्तनावरच बोट ठेवले होते. पण १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत ते जवळजवळ विस्मृतीतच होते.

लिंगभाव उपदेशाने शिकविला जात नाही. तो दिनक्रमातून अंगवळणी पडतो. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८८ मधील आपल्या निबंधात हिंदू मुलींच्या घडणीचा हाच मार्ग दाखविला आहे. खेळ, व्रते, म्हणी, उठण्याबसण्याची रीत, अन्न वाढणे या साध्या गोष्टींतून ‘आपण या घरच्या पाहुण्या’ ही जाणीव मुलीत रुजते. या विवेचनाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. बहीण पाने मांडते व उष्टी काढते, तेव्हा पाटावर बसलेला भाऊही काही शिकतच असतो. पान आपोआप समोर येते आणि आपोआप उचलले जाते, हा तो धडा होय. तो कोणी उच्चारीत नाही, म्हणूनच त्यास विरोध करणे अधिक कठीण जाते.

या धड्याचे फलित राष्ट्रीय पाहणीतही दिसते. २०१९ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के, तर पुरुषांपैकी अवघे २६.१ टक्के दिवसभरात विनावेतन घरकामात सहभागी होते. सहभागी स्त्रिया त्यासाठी सरासरी २९९ मिनिटे देत, पुरुष ९७ मिनिटे.

ही घडण शालेय वयात बदलता येते काय, हे केवळ तर्काने ठरणारे नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलग्यांमागे हरियाणात ८३४ मुली होत्या. महाराष्ट्रातील ८९४ हा आकडाही भूषणावह नव्हे. त्याच हरियाणात ३१४ सरकारी शाळांमध्ये एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून शाळा निवडाव्यात त्याप्रमाणे काही शाळांत सातवी-आठवीच्या मुलामुलींशी सुमारे अडीच वर्षे वर्गातच चर्चा घडविण्यात आल्या. उरलेल्या शाळा तुलनेसाठी होत्या. धर, जैन व जयचंद्रन यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार विद्यार्थ्यांची मते समतेकडे झुकली आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही हा परिणाम टिकून होता. वर्तनातील बदल मात्र मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळला. यात नवल नाही. मत बदलले तरी मुलीस एकटीने बाहेर जाण्यास परवानगी लागते. मुलग्यास झाडू हाती घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. ज्याच्याकडे मोकळीक अधिक, त्याच्याकडून बदलाची अपेक्षा प्रथम करणे हेच शास्त्रीयदृष्ट्या अधिक सयुक्तिक ठरते. मुलींनाच सतत धीट होण्याचा उपदेश करणाऱ्या आपल्या योजनांनी हे ध्यानात घेतलेले दिसत नाही.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पाठ्यपुस्तकातील चित्रांत पुरुषास घरकामात दाखविले. पाऊल स्वागतार्ह होय. तथापि पुस्तकातील वडील आणि घरातील वडील यांच्यात तफावत असेल, तर मूल घरच्याच वडिलांवर विश्वास ठेवील.

एका मर्यादेची नोंद येथे करावयास हवी. उपरोक्त प्रयोगातील वर्तनाची माहिती बव्हंशी विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेली आहे. ‘घरकाम करतो’ म्हणणारा मुलगा प्रत्यक्षात काय करतो, हे घरात बसूनच पाहावे लागेल. मराठी घरांत अशा पाहणीसाठी एक सोपी खूण उपलब्ध आहे. मुलग्याने भांडी विसळली की तो ‘आईला मदत करतो’ असे म्हणतात. मुलीने विसळली तर ती केवळ ‘भांडी विसळते’. पहिल्या वाक्यात काम आईच्याच मालकीचे राहते. हे क्रियापद कोणत्या घरांत, कोणाच्या तोंडून आणि मुलाच्या कोणत्या वयापासून वापरले जाते, याची पद्धतशीर नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका सत्रात सहज करता येईल.